अंबाजोगाई की सांगली

माकणी, ता. लोहारा
८ डिसेंबर २०२४

अनू,

पाकीट बघून दचकू नको. घरी समदे खुशाल हायेत. फोनच केला असता, पण तुमच्या पुजाऱ्याच्या घरात फोन वाजला की देवीला येणाऱ्या कुठल्या यजमानाचा म्हणून सगळं घर कान टवकारतं. मला जे बोलायचंय ते तुझ्या एकटीसाठी हाय. आणि तुला लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहीत नसते, हे तुला ठाऊकच हाय.

डी.एड. झालं, होस्टेल सोडलं, तवा आपण काय ठरवलं होतं? वर्षातनं दोन दिवस, नुसत्या आपण दोघी, कुठंतरी. एकदा तरी गेलो का गं? कधी तुझ्या सासूबाईंचं आजारपण, कधी माझी बदली, कधी निवडणुकीची ड्युटी. आता तुझ्या सासूबाई राहिल्या न्हाईत, माझी सृष्टी बारावीला गेली, परीक्षा तोंडावर असली तरी दोन दिवस घर सांभाळते म्हणती. म्हणून म्या ठरवून टाकलंय. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार-रविवार. नवस नको, लग्न नको, बारसं नको. नुसतं फिरायचं, बसायचं, बोलायचं.

माझ्या डोक्यात दोन गावं हायेत. एक अंबाजोगाई. आपलं कॉलेज बघू, मुकुंदराजाच्या दरीत उतरू, ती खानावळ अजून हाय का शोधू. दुसरं सांगली. कृष्णेचा घाट, गणपतीचं देऊळ, भडंग, आणि मिरजेला सतारी करणारे लोक हायेत म्हणं, ते बी बघू.

खरं सांगू? माझं मन सांगलीकडं ओढतंय. अंबाजोगाई आपली झालेली हाय, सांगली व्हायचीय. सृष्टीला पुढं तिथंच इंजिनिअरिंगला घालावी असा विचार चाललाय. पोरगी पहिल्यांदा घर सोडणार. तिथं शिकणारा तुझा लेक यज्ञेश थोरल्या भावासारखा असला की माझ्या जिवाला घोर न्हाय. त्यानं आपल्याला कॉलेज दाखवावं, होस्टेल दाखवावं. सृष्टीच्या पप्पांनी आतापासूनच शेंगा निवडायला घेतल्यात, म्हणतात, "यज्ञेशला न्या, पोरापोरांत वाटून खातील."

तू काय म्हणतीस ते लवकर कळव.

तुझी,
ज्ञाना


तुळजापूर
१५ डिसेंबर २०२४

प्रिय ज्ञानेश्वरी,

पत्र मिळालं. तुझं अक्षर बघून फार बरं वाटलं. मी येणार, नक्की येणार. पण आपण अंबाजोगाईलाच जाऊ या. सांगली लांब पडते गं. सोलापूरला गाडी बदला, पुन्हा तिकडं चार-पाच तास, दोन दिवसांतला एक प्रवासातच जाईल. मला हल्ली एसटीत कंबर धरते. आणि अंबाजोगाईला आपल्याला कुणाची गरज नाही, सगळे रस्ते पायाखालचे आहेत.

यज्ञेश मजेत आहे. पण फेब्रुवारीत त्याच्या परीक्षा असतात, त्यामुळं त्याला आपल्याबरोबर फिरायला जमेल असं वाटत नाही. हल्ली तो आम्हालाही फार फोन करत नाही. तिसरं वर्ष अवघड असतं म्हणतात.

सृष्टीसाठी तुम्ही लातूर का नाही बघत? जवळ आहे, शनिवारी घरी येता येईल. लांबची होस्टेलं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत असं ऐकते. मुलीला एवढं दूर कशाला पाठवायचं? धनाजीरावांनाही सांग, वडील म्हणून त्यांना पटेल.

आमच्याकडं शाकंभरी नवरात्राची तयारी सुरू होईल. घरात पाहुण्यांची ये-जा असेल. त्यामुळं उत्तराला उशीर झाला तर रागावू नकोस. मग अंबाजोगाई पक्कं समजू ना?

तुझी,
अनसूया


माकणी
१ जानेवारी २०२५

अनसूया,

परवा अवसेला येळवस झाली. शेतात डाळी-भाज्यांची भज्जी केली, आंबील केली, पाच पांडव पुजले. गावातली निम्मी माणसं आमच्या कडब्याच्या कोपीत जेवून गेली. माझ्या मनात मात्र तुझंच पत्र घोळत होतं.

तुला एक विचारायचंय. सरळ विचारते.

२४ तारखेला मंगळवार होता, सृष्टीचे पप्पा देवीला आले होते. तुझ्याकडं यायचं न्हवतं, बायामाणसांत कशाला जायचं म्हणले. महाद्वाराच्या रस्त्यानं येताना त्यांना यज्ञेश दिसला. एका मेडिकलसमोर उभा होता. ह्यांनी हाक मारली, "यज्ञेश, कवा आलास बाबा?" त्यानं बघितलं. नीट बघितलं म्हणतात. आणि तोंड फिरवून गल्लीत निघून गेला. ह्यांच्या अंगावर धोतर होतं, डोक्याला पटका होता, खांद्यावर घोंगडं. मेंढरं राखणारा माणूस जसा असतो तसेच होते.

घरी येऊन ते हसत म्हणले, "पोरगं मोठं झालं, वळख विसरलं." मला हसू आलं न्हाय.

तू म्हणतीस परीक्षा हाय, फोन करत न्हाय. आणि पोरगं तुळजापुरात. मग म्या तुझं पत्र परत काढून वाचलं. सांगली लांब, कंबर धरती, कुणाची गरज न्हाय, सृष्टीला लातूरला घाला. अनू, तू धाराशिवला बारा वेळा एसटीनं जातीस, तवा कंबर धरत न्हाय का?

मला जे समजलं ते असं. तुझ्या पोराला त्याच्या दोस्तांसमोर माझ्यासारखी मावशी नको हाय. माझी पोरगी त्याच्या कॉलेजात आली तर "आमच्या आईच्या मैत्रिणीची" म्हणून वळख द्यावी लागंल, ती बी नको हाय. आणि तुला हे ठाऊक हाय, म्हणून तू मला अंबाजोगाईला न्यायलीस. तिथं आपल्याला कुणी वळखत न्हाय.

माझं चुकत असंल तर तसं लिही. मला चुकायला लई आवडंल.

ज्ञाना


तुळजापूर
१६ जानेवारी २०२५

ज्ञानेश्वरी,

नवरात्र संपलं, संक्रांतही झाली. तिळगूळ पाठवायचा राहिला.

तुझं पत्र मिळालं. तू म्हणतेस तसं असेलही. मुलं मोठी झाली की त्यांच्या मनातलं आईला कुठं कळतं? धनाजीरावांना वाईट वाटलं असेल, त्यांची मी क्षमा मागते.

यंदा जाणं राहू दे. पुढच्या वर्षी बघू.

अनसूया


तुळजापूर
१९ जानेवारी २०२५

ज्ञाना,

तुझं उत्तर यायच्या आत हे पत्र लिहिते आहे. गेल्या पत्रात मी लिहिलं, "तू म्हणतेस तसं असेलही." ते टपालात टाकून घरी आले आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

तसं नाहीये. जे आहे ते त्याहून वाईट आहे.

दिवाळी झाली आणि सांगलीहून फोन आला, की आई-वडील दोघांनी यावं. आम्हाला वाटलं आजारी आहे. गेलो. कॉलेजच्या एका खोलीत चार मुलांचे आई-वडील बसवले होते. तिथल्या सरांनी काहीच प्रस्तावना केली नाही. मोबाईल पुढं धरला आणि म्हणाले, बघा.

होस्टेलची गच्ची होती. पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता. त्यानं अंथरायला घरून घोंगडं आणलं होतं. तेच त्याच्या पाठीवर टाकलं होतं आणि त्याला हातापायांवर चालायला लावलं होतं. मेंढरासारखं ओरड, म्हणत होते. तो ओरडत होता. ज्ञाना, तो खरंच ओरडत होता. आणि मुलं हसत होती.

त्या व्हिडिओत यज्ञेश कुठंच दिसत नाही. ह्यांना तेवढ्यानं धीर आला, म्हणाले, "आमचा यात नाही." पण मोबाईल ज्याच्या हातात होता त्याचं हसू सगळ्यात जवळून ऐकू येत होतं. ते मी लगेच ओळखलं. पाळण्यात होता तेव्हापासून तो तसाच हसतो, मध्येच श्वास घेऊन. मी खाली बघत बसले. आपल्या मुलाचं हसू ऐकून मान खाली घालायची वेळ माझ्यावर यावी!

त्याला वर्षभरासाठी काढलं आहे. दोन महिने तो वरच्या खोलीत आहे. लोकांना आम्ही सांगतो, घरून ऑनलाइन शिकतो. हे म्हणतात, पोरं आहेत, मस्करी करतात, त्या मुलानं उगाच तक्रार केली. मी काहीच म्हणत नाही. यज्ञेशला मी आजवर एका शब्दानं विचारलेलं नाही. ताट वर नेऊन ठेवते आणि खाली येते. शाळेत तिसरीच्या मुलांना "कुणाला चिडवू नये" म्हणून सांगते तेव्हा माझी जीभ जड होते.

धनाजीरावांना बघून त्यानं तोंड का फिरवलं ते आता तुला कळेल. त्यांच्या खांद्यावर घोंगडं होतं.

आणखी एक सांगायलाच हवं. मला तुझी लाज वाटते असं तू लिहिलंस, ते वाचून मला क्षणभर हायसं वाटलं. तू मला माणसाला कमी लेखणारी समजलीस तरी चालेल, पण हे तुला कळू नये, असं मला वाटलं. जगात इतर कुणालाही कळलं असतं तरी सोसलं असतं. तुला नको होतं.

अनू


माकणी
२८ जानेवारी २०२५

अनसूया,

तुझं पत्र वाचलं. शाळेत न्हेलं, मधल्या सुट्टीत परत वाचलं. घरी आले आणि सृष्टीच्या हातात दिलं. तुला वाईट वाटंल, पण तिला त्याच गावाला पाठवायला निघाले होते मी. तिला कळायला पायजे होतं.

तिनं वाचलं, घडी केली, आणि म्हणाली, "मम्मी, ह्यात त्या पोराचं नाव न्हाय."

म्या म्हणलं, असंल कुठंतरी. मग दोघींनी मिळून शोधलं. यज्ञेशचं नाव हाय. तुझी लाज हाय, तुझ्या मालकाचा राग हाय, तुझी जड झालेली जीभ हाय. ते लेकरू मात्र तुझ्या पत्रात "एक मुलगा" हाय. तो कुठला, कुणाचा, आता कॉलेजात हाय का घरी गेला, जेवतो का, झोपतो का, काय बी न्हाय. तुला ठाऊक तरी हाय का गं?

पहिल्या हिवाळ्यात तुला हिव भरलं होतं होस्टेलमदी. तुझी शाल पुरंना. म्या माझ्या बाचं घोंगडं तुझ्या अंगावर टाकलं आणि मी चादरीत झोपले. तू महिनाभर ते परत दिलं न्हाईस. हे उपकार म्हणून सांगत न्हाय. तुझ्या लेकाला हे कधी सांगितलं होतंस का, एवढंच विचारते.

रागावले हाय. पण राग यज्ञेशचा कमी हाय. ईस वर्षांचं पोर हाय, त्याला कुणी विचारलंच न्हाय तर ते बोलंल कसं? तू दोन महिने ताट न्हेऊन ठेवलंस.

मी अंबाजोगाईला येणार न्हाय. सांगलीला बी येणार न्हाय. पण ते दोन दिवस तू मोकळे ठेवले होतेस न्हवं? तू जा. सांगलीला जा. लेकाला घेऊन जा.

ज्ञानेश्वरी


तुळजापूर
११ फेब्रुवारी २०२५

ज्ञाना,

गेले होते. जसं झालं तसं लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ताट वर नेलं आणि खाली आले नाही. समोर बसले. विचारलं, "त्या मुलाचं नाव काय?" यज्ञेश म्हणाला, "सगळे मेंढ्या म्हणायचे." मी म्हटलं, "मी नाव विचारलं." त्याला आठवायला वेळ लागला. ज्ञाना, तो आठवत होता तेवढा वेळ मी त्याच्याकडं बघत होते, आणि मला वाटत होतं की हा मुलगा मी वाढवला. शेवटी म्हणाला, "रामलिंग." आणि मग रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही.

सरांना फोन केला. त्यांनी रामलिंगला विचारून कळवलं, की आईला भेटेन, त्याला नाही भेटणार. ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "झाकलेलं उघडं करायला चाललीस." मी पिशवी भरली. शनिवारी आम्ही दोघं निघालो.

यज्ञेशला घाटावर बसवलं आणि मी कॉलेजच्या फाटकाशी गेले. चहाच्या टपरीवर रामलिंग आला. उमरग्याच्या पलीकडचा आहे, सीमेवरच्या गावचा. बारीक, उंच. बोलताना मध्येच कानडी हेल येतो. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्याला बघितलं आणि नुसती रडायला लागले.

तो अवघडला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "रडू नका मावशी, लोक बघायलेत."

म्हणजे तिथंही त्यानंच मला सांभाळायचं! मी पदरानं तोंड पुसलं. म्हटलं, "तुला काय हवंय ते सांग. माफी मागायला आले होते, पण ती तुझ्या काय कामाची?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "त्यो व्हिडिओ अजून फिरतोय. माझ्या बहिणीच्या शाळेत पोचला. ती शाळंला जाईना झालीय. तुमच्या पोरानं पाठवलाय, त्यानंच थांबवावा. ज्या आवाजात हसलाय, त्याच आवाजात सांगू दे की मी केलंय आणि पुसून टाका."

मी हो म्हटलं. म्हटलं, "तो तुझं नाव घेऊन तुझी माफी मागेल."

"नगं," तो पटकन म्हणाला. "माझं नाव नगं त्यात. माझं नाव मला दुसऱ्या कामाला लागणार हाय. नाव त्याचं घ्या. त्याचं, त्याच्या बापाचं, गावाचं. पुरं."

तो उठला. चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत. क्षमा केली असंही म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही.

घाटावर येऊन यज्ञेशला सांगितलं. तो पाण्याकडं बघत म्हणाला, "सगळ्या तुळजापुरात बोभाटा होईल आई." मी म्हटलं, "होईल." त्यानं तिथंच मोबाईल समोर धरला. मग म्हणाला, मी यज्ञेश गोपाळकृष्ण, राहणार तुळजापूर, तो व्हिडिओ मी काढला, हसणारा आवाज माझा आहे, ज्याच्याकडं असेल त्यानं पुसून टाका, पुढं पाठवणारा माझ्याइतकाच दोषी आहे. जिथं जिथं पाठवला होता तिथं तिथं पाठवला.

सोमवारी सकाळी शाळेत गेले तर शिक्षकांच्या खोलीत मी शिरताच बोलणं थांबलं. दोन यजमानांनी उतरायला दुसरीकडं सोय बघितली. हे माझ्याशी बोलत नाहीत. मन हलकं होतं म्हणतात, ज्ञाना, ते मला काही जाणवलं नाही. लाज तेवढीच आहे. फक्त आता ती घरात कोंडलेली नाही.

अनू


माकणी
२० फेब्रुवारी २०२५

अनू,

यज्ञेशचं बोलणं माकणीत बी पोचलं. सृष्टीच्या वर्गातल्या पोरीकडं आलं होतं. सृष्टीच्या पप्पांना ऐकवलं. त्यांनी मोबाईल परत दिला आणि म्हणले, "आवाज कापत होता पोराचा." एवढंच. मग मेंढरांकडं गेले.

सृष्टी सांगलीचाच फॉर्म भरणार म्हणती. म्या न्हाय म्हणले न्हाय.

तुझं पत्र चांगलं हाय. खरं हाय. पण त्यात एक गोष्ट येईल म्हणून मी वाट बघत होते, ती आली न्हाय. म्हणून मलाच लिहावी लागतीय. तू लिहिलंस, हा मुलगा मी वाढवला. कसा वाढवला, ते आठव.

तुझ्या लग्नापासून मी तुझ्या घरी किती तरी डाव आले. दर डाव ओसरीवर बसले. तू बाहेर ताट आणून दिलंस, प्रेमानं दिलंस, जवळ बसून वाढलंस. सासूबाईंचं सोवळं कडक हाय, म्हणलीस. म्या समजून घेतलं. सासूबाई जाऊन तीन वर्सं झाली. मागच्या उन्हाळ्यात आले तवा बी तू सतरंजी ओसरीवरच टाकलीस. यज्ञेश तिथंच होता. पाण्याचा तांब्या त्यानंच आणला, आणि मी प्याले तवा तो वेगळा ठेवला. त्याला कुणी सांगितलं न्हवतं, अनू. त्याला ठाऊक होतं.

मी इतकी वर्सं बोलले न्हाय. त्याची लाज मला बी हाय. एवढी मोठी मास्तरीण, आणि मैत्रीण तुटंल म्हणून ओसरीवर गप जेवली. रामलिंगनं जे एका चहात सांगितलं ते मला सगळ्या आयुष्यात सांगता आलं न्हाय.

तर आता ऐक. अंबाजोगाई नको आणि सांगली बी नको. तुमच्याकडं सध्या कुणी येईना झालंय म्हणतीस. मी येते. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते, रविवारी संध्याकाळी माघारी. दोन दिवस तुझ्या घरी राहणार हाय. यज्ञेशशी बोलंन का न्हाय ते अजून ठरवलं न्हाय, ते त्याला बघितल्यावर ठरंल.

जेवायला मी तुझ्या सैपाकघरात बसणार हाय. तुमच्या ह्यांना आधी सांगून ठेव. आणि तुझ्याच्यानं सांगणं होत नसंल, तर तसं मला कळव. मग मी कुठंच येत न्हाय.

ज्ञाना